तानाबाईंची गोधडी

गोधडीच्या ग्रुपवर मला नातीनं घातलं. संस्कृती म्हणाली, "आजी, दिवसभर गॅलरीतून एक्सप्रेसवेच्या गाड्या बघतेस, त्यापेक्षा हे बघ." रावेतच्या नवव्या मजल्यावर दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंही. चाकणजवळच्या आमच्या शिवारात कंपनी आली, घर गेलं, शेजारणी आपापल्या लेकांकडे पांगल्या.

ग्रुपचा नेम साधा. रोज दुपारी चारला प्रत्येकीनं आपल्या गोधडीचा फोटो टाकायचा. भोसरीची मिनल ग्रुप चालवते. एखादीचा फोटो आला नाही की साडेचारला तिचा फोन यायचा, "काय हो आजी, सुई रुसली का?" गावात सकाळी माझ्या चुलीचा धूर दिसला नाही तर बाया अशाच दारात उभ्या राहायच्या. आधी मी त्या फोनसाठी राहिले, हे खरं. पुढं तानाबाईंसाठी राहिले.

तानाबाईंचा फोटो सगळ्यांच्या आधी यायचा. खाली सारवलेली जमीन, वर अर्धवट गोधडी. एके दिवशी मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गोधडीच्या मधोमध पांढऱ्या कापडावर लाल चेरीची फळं छापलेली होती, आणि त्यावर उलटा शिवलेला खिसा.

तो खिसा माझ्या हातचा होता. माझी थोरली बकुळा तेव्हा सहा वर्षांची. बाजारातून कापड आणून मी तिला फ्रॉक शिवला आणि घाईत खिशाचं तोंड खाली लागलं. त्यात शेंगदाणे भरले की सांडायचे आणि ती खदखदून हसायची. तिनं मला तो उसवू दिला तर शपथ. त्याच फ्रॉकात ती तापानं गेली, त्याच फ्रॉकात तिला ओढ्याकाठी पुरलं. याला पन्नास वर्षं होऊन गेली. ओढा आता कंपनीच्या कुंपणाच्या आत आहे.

मी तानाबाईंना लिहिलं, "बाई, तुमी कुठल्या?"

"तुमच्याच शिवारातली," उत्तर आलं. "आता वर कंपनी हाय."

मिनलला विचारलं, तर ती हसली. "आजी, ग्रुप मी सुरू केला, पण पहिला फोटो त्यांचाच पडला होता. मीच सगळ्यांना विचारते, यांना घेतलं कुणी?"

शहाणं माणूस तिथंच ग्रुप सोडून गेलं असतं. पण तो खिसा मला रोज दुसरीकडे कुठं दिसणार होता?

मग मिनलनं पिवळा आठवडा काढला. सगळ्यांनी गोधडीत पिवळं कापड घालायचं. माझ्या गाठोड्यात पिवळं काही नव्हतं. संस्कृतीनं कपाटातून कुर्ता काढून फेकला. "घे गं, मला घट्ट होतो." एकदाच घातलेला, पिवळ्यावर बारीक पांढरे हत्ती. कात्री लावताना माझा हात अडखळला. सासूबाई सांगायच्या, अंगावर विरलेलं कापडच गोधडीत जातं. जित्या माणसाचं धडकं कापड कापलं, तर कापडाआधी ते माणूस विरतं. पण चार वाजायला आले होते. मी कापलं. त्या फोटोला त्रेसष्ट बायकांनी बदाम पाठवले, आणि खोटं कशाला बोलू, मी फुलून गेले.

दुसऱ्या दिवशी संस्कृतीला ताप भरला. चारला तानाबाईंचा फोटो आला. खिशाला लागून पिवळा तुकडा, त्यावर पांढरे हत्ती.

तिसऱ्या दिवशी हत्तींची एक रांग झाली. चौथ्या दिवशी दोन. डॉक्टरांनी डेंग्यू तपासला, टायफॉइड तपासला, काही निघेना. पोर डोळे उघडेना. सून तनुजा तिच्या उशाशी बसून मला म्हणाली, "आई, तो फोन ठेवा ना जरा." मी कोणत्या तोंडानं सांगणार?

मी लिहिलं, "तानाबाई, ते पिवळं काढा. हात जोडते."

"तुमीच धाडलं की. हितं तुमची पोर एकटी हाय, सोबत मागती."

मी माझी गोधडी मांडीवर घेतली आणि पिवळा तुकडा उसवायला लागले. टाके मीच बारीक घातलेले, बोटांतून रक्त आलं. मग ट्रंकेतली हिरवी साडी काढली. मुलानं पंचाहत्तरीला घेतलेली, घडी न मोडलेली. तिचा पदर कापला आणि हत्ती होते त्याच जागी लावला. फोटो टाकला. खाली लिहिलं, "सोबतीला मी येते. आईच बरी."

मी बोटांना चिंधी गुंडाळली. मग तानाबाईंचा फोटो आला. हत्ती गेले होते. खिशाला लागून माझा हिरवा पदर होता.

दिवेलागणीला संस्कृती उठून बसली. "आजी, भूक लागलीय. आणि हे काय, ती भारीतली साडी कापलीस? वेडी आहेस का तू?"

"व्हय गं माझे बाय, आहेच," मी म्हटलं आणि तिला मऊ भात आणायला उठले. उठताना गुडघे पहिल्यांदाच दुखले नाहीत. पाय जमिनीला नीट टेकल्यासारखेही वाटले नाहीत.

भात चढवून फोन पाहिला. तानाबाईंनी लिहिलं होतं, "पोरगी इचारती, आई कवा येनार?"

मी ओट्याशी उभी राहून एका बोटानं लिहिलं, "नातीचं लग्न होऊ दे. तोवर बकुळाला शेंगदाणे देत जा, भाजलेले. कच्चे खाल्ले की पोट दुखतं तिचं."

तानाबाईंनी अंगठा पाठवला.