वाकडी बैठक

मी एक बैठक बोलतेय. पाट नव्हे, झोपाळा नव्हे, कचेरीतली खुर्ची तर नव्हेच. मी मालाच्या लॉरीतली, ड्रायव्हरची बैठक. सध्या वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या उतारावरच्या एका धनगरवाड्यात, बंद घरात भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. माझ्यावर कोणी बसत नाही. दाराच्या फटीतून ऊन येतं, जातं. बोलायला कोणी नाही म्हणून तुमच्याशी बोलते.

माझा जन्म भोरचा. त्या काळी मुंबईहून लॉरी यायची ती नुसतं इंजिन, चाकं आणि लोखंडी सांगाडा. बाकीचा साज इथल्या सुतारानं चढवायचा. आनंदराव हे भोरचे व्यापारी. हिरडा, कोळसा, तांदूळ असला माल ते पुण्याला धाडायचे. त्यांनी लॉरी घेतली आणि चिमाजी सुताराच्या हवाली केली. चिमाजीनं दारं केली, मागचा हौदा केला, आणि उरल्यासुरल्या आंब्याच्या फळीची मी झाले. वर काथ्याची पातळ गादी ठोकली की झालं. मी सपाट होते, कडक होते. खरं सांगायचं तर कुणाचाच विचार करून मला केलेलं नव्हतं.

आधीचे ड्रायव्हर आले, कंबर चोळत मला शिव्या देऊन गेले. मग हैबती आला.

हैबती वेल्ह्याकडचा धनगर. आनंदरावांकडे लॉरी धुता धुता, माल चढवता चढवता गाडी शिकला. हात त्याचा फार हलका. गिअर टाकला तर मला कळायचंही नाही. पण लहानपणी हिरड्याच्या झाडावरून पडून त्याचा उजवा खुबा बसला होता. चालताना थोडंसं जाणवायचं. माझ्यावर बसला की मात्र सगळं अंग उजवीकडे कलायचं. डोक्याचं मुंडासं सोडून तो उजव्या मांडीखाली कोंबायचा. खड्डा आला की ते सरकायचं. पुण्याहून परत येईपर्यंत त्याच्या कपाळावर घाम असायचा, आणि तो घाम उन्हाचा नसायचा. एवढं मला कळायचं, कारण दुखलं की तो दोन्ही मांड्यांनी मला घट्ट आवळायचा.

एकदा कात्रजचा घाट उतरताना पुढं बैलगाडी आली. हैबतीनं ब्रेककडे पाय नेला, पण आखडलेला पाय उशिरा पोचला. लॉरी गाडीच्या मागच्या लाकडाला घासली. कुणाला लागलं नाही. पण बातमी लॉरीच्या आधीच भोरला पोचली.

आनंदराव वाईट माणूस नव्हते. दाराशी येऊन हळूच म्हणाले, "हैबती, तुझा हात चांगला आहे. पण पाय चुकला तर माणूस मरेल. दिवाळीनंतर मी दुसरा ड्रायव्हर बघतो. तू हौद्यावर काम कर."

"व्हय मालक," एवढंच तो म्हणाला. मालक गेल्यावर किती तरी वेळ माझ्यावरून उठलाच नाही.

पाऊस सरून रस्ता वाळला की लॉरी हिरड्यासाठी वेल्ह्यापर्यंत जायची. तिथं त्याची बायको सोजराबाई वाड्यावरून खाली यायची. तिच्या पाटीत भाकरी असायच्या, फडक्यात बांधलेली लोकर असायची. मूलबाळ नव्हतं. तो भोरला, ती मेंढरांपाशी. भेट व्हायची ती लॉरीच्या सावलीत, माल भरून होईपर्यंत.

त्या दिवशी तिनं त्याला दार धरून उतरताना पाहिलं.

"असं का उतरता?"

"काय न्हाई. पाय आखडलाय."

तिनं पाटी खाली ठेवली आणि सगळ्या बाजारादेखत लॉरीत चढून माझ्यावर बसली. इकडं सरकली, तिकडं सरकली, मला दाबून पाहिलं. खाली उतरून म्हणाली, "अवो, ह्याच्यावर म्हस बी बसायची न्हाई. आन तुमी रोज बसताय?"

मग तिनं त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. घाटातलं, मालकाचं, दिवाळीचं. आणि त्याच्या दंडाला धरून त्याला लॉरीसमोरच वाहणाऱ्या कानंदी नदीच्या काठी घेऊन गेली.

"बसा हितं."

"चिखलात?"

"बसा म्हन्ते न्हवं! लॉरीत बसता तसं."

काठावरची माणसं हसायला लागली. हैबती लाजून लाल झाला, पण ओल्या चिखलात बसला. उठल्यावर तिथं त्याचा ठसा उमटला होता. डावीकडे उथळ, उजवीकडे खोल. सोजराबाईनं लोकरीचा धागा लावून खोली मोजली, रुंदी मोजली, जागजागी गाठी मारल्या. आणि तो धागा कनवटीला लावून जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसली, मागं हिरड्याच्या पोत्यांवर.

भोरला चिमाजी सुताराला तिनं धागा दाखवला तेव्हा तो कपाळावर हात मारून म्हणाला, "बाई, मी नांगर केले, पाळणे केले. माणसाच्या बुडाचं माप घेऊन लाकूड कापलं नाही कधी!"

"मग आता कापा," ती म्हणाली आणि त्याच्या दारातच बसून राहिली.

मला उपटून काढलं. करवत फिरली. भीती वाटली, पण दुखलं नाही. उजवीकडून मला उंच केलं, मागून किंचित खाली घेतलं, म्हणजे मांड्यांना आधार मिळावा. पहिल्यांदा आत पेंढा भरला. हैबतीनं भोरातच एक चक्कर मारली तर पेंढ्याची नुसती चटणी. नुसती लोकर भरली, तिचे गोळे झाले. मग सोजराबाईची नजर कोपऱ्यात पडलेल्या फाटक्या ट्यूबवर गेली. फळीचा मधला भाग काढून चिमाजीनं चौकट केली आणि तिनं ट्यूबच्या पट्ट्या कापून बाज विणावी तशी गाठी मारत मला विणून काढली. त्यावर लोकरीची गादी आणि तिनंच शिवलेली काळ्या घोंगडीची खोळ. कमरेला टेकायला लोकरीची एक जाड वळकटी. उजवीकडे पट्ट्या तिनं जास्त ताणल्या होत्या. तिच्या बोटांना फोड आले होते, ते हैबतीनं पाहिले. तिच्या हातातली कात्री घेऊन उरलेल्या पट्ट्या त्यानंच कापल्या.

ते दोघं सलग दोन दिवस एका जागी राहिलेले मी तेव्हाच पाहिले.

आनंदराव बघायला आले, माझ्यावर बसले आणि डावीकडे घसरले. "अरे, ही तर वाकडी आहे!"

"व्हय मालक," हैबती म्हणाला, "म्या बी वाकडाच हाय."

मालक हसले आणि त्याच्या शेजारी बसून पुण्याला निघाले. घाटात एक म्हैस आडवी आली. पाय जागच्या जागी पडला, लॉरी जागच्या जागी थांबली. येताना मालक झोपून गेले होते. दिवाळीनंतर दुसरा ड्रायव्हर आला नाही.

पुढची वर्षं माझ्या सुखाची. हैबती गाडी चालवताना बोलायचा. समोर कोणी नसताना. "सोजरे, आज सारोळ्याच्या पुलावरनं नीरा बगितली, दुथडी भरलीया." "सोजरे, पुन्यात आज लई ऊन हाय." ती तिकडं डोंगरात असायची. ऐकायची मी.

मग लढाई आली, पेट्रोल मिळेना. लॉरीला कोळशाच्या गॅसची भट्टी बसवली. धूर, धग, चढावर दम लागायचा. त्या पावसाळ्यात वेल्ह्याचा रस्ता नेहमीसारखा बंद झाला. आम्ही भोर-पुणे करत राहिलो. हैबती बोलत राहिला.

दसऱ्यानंतर रस्ता उघडला. वेल्ह्यात सोजराबाई दिसली नाही. तिचा भाऊ गेनू उभा होता. त्यानं दाराच्या दांडीला हात लावला आणि खाली बघत म्हणाला, "दाजी, ताई श्रावनातच गेली. तापानं. निरोप घिऊन मानूस धाडला हुता, मार्गासनीपाशी वढ्याला पानी. माघारी आला."

"मंग पुन्यांदा?"

"आता सांगून तरी काय व्हनार, म्हनलं. तुमी येनारच हुता."

हैबती उतरला नाही. हमाल पोती भरत होते, लॉरी हलत होती. मला सारखं वाटत होतं, श्रावणापासून आतापर्यंत हा माणूस रोज जिच्याशी बोलला ती नव्हतीच. त्यालाही तेच वाटलं असणार. कारण त्यानंतर तो गाडी चालवताना कधी बोलला नाही. भाकरी माझ्यावर बसूनच खायचा. खोळ फाटली तेव्हा आनंदराव नवी शिवतो म्हणाले, तर त्यानं वरून पोतं घातलं, पण खाली ती घोंगडी तशीच ठेवली.

पुढं सरकारनं लॉरी लष्करासाठी ताब्यात घेतली. लष्करी ड्रायव्हर माझ्यावर बसला, घसरला आणि त्यानं मला उपटून रस्त्याकडेला फेकून दिलं. हैबतीनं मला उचललं. वेल्ह्यापर्यंत बैलगाडीतून आणि तिथून डोक्यावर घेऊन, लंगडत, बसत, उठत, त्यानं मला वाड्यावर आणलं. लढाई संपेपर्यंत मेंढरं राखली.

मग आनंदरावांनी नवी लॉरी घेतली आणि हैबतीला बोलावणं धाडलं. त्यानं मला भोरला नेलं. म्हातारा झालेला चिमाजी नव्या लॉरीत वाकून बघून म्हणाला, "जागा अरुंद आहे रे. दोन्ही अंगांनी कापावी लागेल, पट्ट्याही सोडून नव्यानं विणाव्या लागतील."

हैबतीनं माझ्यावर हात ठेवला. "हिला करवत लागायची न्हाई. त्या गाठी तिच्या हातच्या हायेत."

"अरे, पण तुझी कंबर?"

"ऱ्हाऊ दे."

त्यानं मला परत आणून इथं ठेवलं आणि कुलूप लावलं. तो आता त्या नव्या लॉरीच्या सपाट गादीवर बसतो. वर्षातून एकदा येतो. माझ्यावर बसत नाही. पोतं झटकतो, समोर उकिडवा बसतो, जातो. गेल्या खेपेला दारातून आत यायला त्याला चौकट धरावी लागली.

गेनूला वाटतं, मी ताईची आठवण आहे, जपून ठेवली पाहिजे. सगळ्यांनाच तसं वाटतं. पण सोजराबाई चिखलात वाकून मोजत होती तेव्हा मी तिथं होते. तिला आठवण करायची नव्हती. नवऱ्याचं दुखणं थांबवायचं होतं.

तेव्हा, बाबांनो, तुमच्यापैकी कुणी भोरकडे निघालं असेल तर मला घेऊन चला. फार जड नाही मी. चिमाजीला सांगा, कर करवत धारदार. पट्ट्या सोडा, गाठी सोडा, दोन्ही अंगांनी कापा. जेवढी उरेन तेवढी पुरे. फक्त उजवी बाजू उंच ठेवा.