अक्का जेवत नाही

अक्काने नऊ दिवस तोंडात काही घेतलं नव्हतं. अक्का म्हणजे आमच्या मत्स्यालयातली व्हेल शार्क, अर्ध्या बसएवढी. बारा वर्षं तिला मीच भरवते. रबरी होडीत बसायचं, ओगराळं पाण्यावर दोनदा आपटायचं, बारीक कोळंबी सोडायची. अक्का वर येते, पाण्यात उभी राहते आणि जबडा उघडून पाणी आत ओढते. कोळंबी कल्ल्यांतल्या गाळणीत अडकते, पाणी बाहेर जातं. तोंडात तीन हजार दात, पण एकही चावायच्या कामाचा नाही. गळा तर जेमतेम माझी मूठ जाईल एवढाच.

"उद्या घशात नळी घालून भरवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मागे टाकीतल्या दुसऱ्या शार्कने, धाकटीनेही, असंच खाणं सोडलं होतं. नळी घातल्यावर ती चौथ्या दिवशी गेली. पण खरं सांगते, इतकी दमले होते की रडायचंही जिवावर आलं.

घरी यांचं दुसरं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता. मी कामावरून आले की फ्रिजमधलं सूप तसंच गार त्यांच्यापुढे सरकवायचे. त्या संध्याकाळी त्यांनी चमचा परत वाटीत ठेवला.

"खा ना हो. आता तुमचेही नखरे?"

"अगं, चिडू नकोस. याला वासच नाही. तोंड उघडावं तरी कशासाठी?"

मी चमचा हातात घेऊन तशीच बसले.

गेले नऊ दिवस मी कोळंबी तीन-तीन पाण्यांनी धूत होते. गोठवलेल्या कोळंबीची लादी वितळली की तांबूस पाणी सुटतं. ते टाकीत गेलं की काचेवर चिकट थर बसतो, आणि तो घासायचं काम माझंच. खांदे भरून यायचे. म्हटलं, धुऊन टाकावं, कुणाला कळतंय! अक्काचे डोळे एवढेसे. ती अन्न शोधते वासावर. नव्या माणसांना हे मीच नाकाने कांदे सोलत शिकवते.

सूप गरम केलं. यांनी अर्धी वाटी संपवली.

सकाळी बादलीतलं तांबूस पाणी तसंच टाकीत ओतलं. ओगराळं आपटलं. काही नाही. पुन्हा आपटलं. खोलवर पांढरे ठिपके हलले, मोठे होत वर आले, आणि अक्काने तोंड उघडलं. होडी तिच्याकडे ओढली गेली. मला हुंदका आवरेना.

डॉक्टरीणबाई नळी घेऊन काठावर उभ्या होत्या. "काय जादू केलीत?"

"जादू कसली? मीच तिला उपाशी ठेवलं होतं," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

नळी गुंडाळत त्यांनी विचारलं, "धाकटीच्या वेळीही धूत होतात?"

धाकटीच्या वेळी यांचं पहिलं ऑपरेशन झालं होतं. तेव्हाही खांदे असेच भरून यायचे.

"हो," मी म्हणाले.

अक्का तोंड उघडून उभीच होती. मी ओगराळं भरलं.