कुडाची भिंत

माझं लग्न ठरताना आईनं एवढंच विचारलं होतं, "घर पुलाच्या अलीकडं हाय का पलीकडं?" उत्तर आलं, "पुलावर."

कृष्णेवरच्या आमच्या दगडी पुलाच्या एका कडेला सात घरं आहेत. पुढचं दार पुलाच्या रस्त्यावर उघडतं, मागली भिंत येणाऱ्या पाण्याकडं. म्हणतात, आधीचे दोन पूल वाहून गेले, तेव्हा कुणा जहागीरदारानं पाथरवटांना फर्मावलं: बांधा, आणि बायकापोरांसकट वरच राहा. मग कामात चुना भरपूर पडला. सातही घरं त्या पाथरवटांच्याच वंशाची.

घराचे खांब दगडी, पण मागली भिंत कुडाची. तुरीच्या वाळल्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेली आणि सुंभाच्या दोरानं खांबांना बांधलेली. पूर पुलावर चढू लागला की दोर सोडायचा, कुड नदीला द्यायचा आणि आपण काठावर जायचं. पाणी मागून शिरतं, पुढच्या दारानं निघून जातं.

माझे मालक नाथाजी त्रेसष्टला पलटणीतून पेन्शनीवर आले आणि त्यांना ती भिंत बघवेना. परमिटावर सिमेंट मिळवून त्यांनी विटांची भिंत घातली, खिडकीला काच बसवली. खोटं कशाला बोलू, मलाही आवडली. माझी नणंद पलूसहून खास काच बघायला आली आणि तोंड वाकडं करून गेली, म्हणजे भिंत चांगलीच झाली होती.

पासष्टच्या श्रावणात एका सकाळी नदी पुलावर आली. सहा घरांनी कुड सोडले. आमच्या भिंतीला मात्र एक उपटलेलं बाभळीचं झाड येऊन अडकलं, त्यावर गवत, त्यावर कडबा. काचेबाहेर पाणी कमरेएवढं झालं आणि आत माझी चूल कोरडी.

"बगितलंस? थेंब न्हाई आत," मालक म्हणाले.

तेवढ्यात शेवटच्या घरातल्या राहीबाई घोटाभर पाण्यातून काठी टेकत आल्या. वय ऐंशीच्या पुढं.

"नाथा, भित पाड."

"मावशी, सिमेंट हाय त्ये. धरणाला लावत्यात."

"धरणानं पानी अडवायचं, पुलानं सोडायचं. पलटणीत न्हाई का शिकिवलं?"

"माजी भित हाय. पडली तर माजी पडंल."

"तुजी एकट्याची पडती व्हय रं? खालची कमान कुनाची?" त्यांनी मालकांचा हात धरून खांबावर ठेवला. "बग."

मीही हात लावला. खांब जात्यासारखा घरघरत होता. आमचं एक घर नदीला आडवं उभं होतं, आणि ती सारी रेटारेटी खालच्या कमानीवर येत होती. ती गेली, की सातही घरं जाणार होती.

मालकांनी काचेकडं एकदा बघितलं. मग पहार आणली.

तळाच्या चार विटा निघाल्या आणि पाणी भसाभस आत आलं. राहीबाईंना पाठीवर घेऊन मालक पळाले, मी मागं. उरलेली भिंत नदीनंच काढली.

काठावरून आम्ही बघत राहिलो. सात दारांतून सात लोट बाहेर पडत होते. खांब उभे, छपरं उभी, आणि सगळ्या संसारांतून नदी चाललेली. माझ्या घरात मी नव्हते, ती होती. मला हात जोडावेसे वाटले, पण नदीला जोडू की पुलाला, ते कळेना.

तिसऱ्या दिवशी घरात गेलो, तर खांबांवरचं सिमेंट सुटलेलं. खाली दगडात दोराच्या खाचा होत्या, बोट बुडेल एवढ्या खोल. सुंभानं दगड घासायला किती पिढ्या लागल्या असतील! मालकांनी एकेका खाचेत बोट घालून बघितलं. मग राहीबाईंकडं जाऊन उंबऱ्याशी बसले.

"मावशी, गाठ कशी मारत्यात?"

"हातानं सुटंल अशी," त्या म्हणाल्या. "आन दोर आदी भिजवून घे, म्हंजे पुरात गाठ आवळायची न्हाई."