दर तासाला साठ सेंट

“कुणी एक पाऊल पुढं टाकलं तर हिचा गळा फाडीन! फाडीन म्हणजे फाडीन!”

कोय स्टिडमने नर्स डीनाला मागून आवळून धरलं होतं. डावा हात तिच्या गळ्याभोवती आणि उजव्या मुठीत फरशीवर घासून टोकदार केलेला टूथब्रश. टोक तिच्या कानाखाली रुतलं होतं. रक्ताची बारीक धार कॉलरवर उतरत होती. औषधांची ढकलगाडी उलटी पडली होती आणि कोठड्यांतले कैदी लोखंडी दारांवर मुठी आपटत बेंबीच्या देठापासून ओरडत होते.

हार्लिस नेपियर धावत आला, तेव्हा टिल्डन आणि तिघे पहारेकरी दांडकी घेऊन कोयच्या कोठडीच्या दाराबाहेर उभे होते.

“आले बघा प्रोफेसर,” टिल्डन म्हणाला. “जा बाबा, त्याला साठ सेंटचं भाषण दे.”

हा टोमणा आता जुना झाला होता. कोळशाची खाण बंद पडली तेव्हा हार्लिसची उमेदीची वर्षं डोंगराच्या पोटात, खाणीचं छत कोसळू नये म्हणून त्याला लोखंडी खिळे ठोकण्यात गेली होती. केंटकीच्या त्या भागात खाणीनंतर उरतो तो तुरुंग. तो तिथे पहारेकरी झाला. कुठलीही पदवी घेतली तर तासाला साठ सेंट वाढ मिळते असं कळल्यावर त्याने कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. संवादशास्त्र घेतलं, कारण त्यात गणित नव्हतं आणि वर्ग त्याच्या पाळीनंतर भरत. बायको लवोनाने फी आणि वाढ यांचा हिशेब मांडून सांगितलं होतं, “तू एकसष्ट वर्षांचा होशील तेव्हा पैसे वसूल. तोवर बडबडत राहा.”

पण काहीतरी बदललं होतं खरं. पहिल्या वर्षी त्यानेही इतरांसारखंच एका दारुड्याचं नाक फोडलं होतं. पदवीनंतर मात्र त्याला हात उचलावा लागला नव्हता.

जेलर ब्रॅन्सन मागून धापा टाकत आला. हार्लिस त्याच्याकडे वळला.

“साहेब, यांना मागं घ्या. मी बोलतो त्याच्याशी. पण मी त्याला शब्द देणार. तो पाळायचा.”

ब्रॅन्सनने घाम पुसला आणि मान डोलावली. “दिला. बोल.”

हार्लिसने कमरेचं दांडकं काढून फरशीवर ठेवलं आणि रिकामे हात दाखवत आत गेला.

“कोय, मी आहे. हार्लिस.”

“दिसतंय मला! लांब राहा!”

“राहतो. तोंड केवढं सुजलंय रे तुझं. दाढ का?”

कोयचा डावा गाल भोपळ्यासारखा फुगला होता, त्या बाजूचा डोळा अर्धा मिटला होता.

“चार दिवस! चार दिवस सांगतोय मी! ही म्हणते, डॉक्टर सोमवारी येणार. भिंतीवर डोकं आपटून घेतलं मी, हार्लिस. आपटलं की तेवढा वेळ बरं वाटतं.”

“माझी खाणीत असताना ठणकली होती. मी पकडीनं स्वतःच उपटली.”

“खोटं बोलतोस.”

“हे बघ.” हार्लिसने जबडा उघडून बोटाने ओठ बाजूला ओढला. डीनानेही पाहिलं. कोय क्षणभर वेदना विसरल्यासारखा पुढे वाकला.

“अर्धी राहिलीय की आत!”

“म्हणून सांगतो, हे असलं घरी करू नये. तिला सोड. मी तुला दवाखान्यात नेतो. माझ्या गाडीतून.”

“बेड्या घालून, मागं पिंजऱ्यात?”

“पुढच्या सीटवर.”

“आणि हे भडवे? हात लावणार नाहीत मला?”

“कुणी हात लावणार नाही. मी सांगतोय ना.”

कोयची बोटं सैल झाली. टूथब्रश टप्‌कन खाली पडला आणि हार्लिसने तो पायाने कॉटखाली ढकलला. डीना रांगतच दाराकडे गेली. कोय भिंतीला टेकून खाली बसला, दोन्ही तळहात वर करून, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

“चल, ऊठ,” हार्लिस म्हणाला.

त्याच्या मागचं दार धाडकन उघडलं.

टिल्डनचा पहिला फटका त्या सुजलेल्या गालावरच बसला. कोयच्या तोंडातून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही. हार्लिस मध्ये पडला, तेव्हा दोघांनी त्याला बगलेत हात घालून उचललं आणि भिंतीवर दाबून धरलं.

“साहेब! थांबवा यांना! साहेब!”

ब्रॅन्सन दारात उभा होता. तो दुसरीकडे बघत होता.

“हार्लिस!” कोय ओरडला. “तू म्हणालास! तू म्हणाला होतास!”

मग बुटांची पाळी आली. बरगड्यांवर, पोटात, डोक्यावर. कोय आधी हातांनी डोकं झाकत होता, मग नुसताच हलत होता, मग तेही थांबलं. रक्त फरशीच्या उतारावरून सांडपाण्याच्या जाळीकडे निघालं. एवढे आरडाओरडा करणारे कैदी, पण सगळे चिडीचूप झाले होते.

तिसऱ्या दिवशी कोय इस्पितळात मरण पावला. शुद्धीवर न येताच.

ब्रॅन्सनने हार्लिसला ऑफिसात बोलावून स्वतः कॉफी ओतून दिली.

“डीना तुझ्यामुळं वाचली. मी सगळ्यांना सांगतोय, पदवी अशी कामाला येते. तुला सार्जंट करतो. पोरांना शिकव, कसं बोलायचं ते. तासाला चार डॉलर वाढ.”

“त्यानं हत्यार खाली टाकलं होतं, साहेब.”

“मला ठाऊक आहे.” ब्रॅन्सनचा आवाज खाली आला. “राज्य सरकारची माणसं चौकशीला येतील. त्यांना सांगायचं, कोयनं ते परत उचललं. तुला नीट सांगता येतं. टिल्डन बोलला तर अब्रूच जाईल आमची.”

घरी लवोना चुलीपाशी सॉसेजच्या रश्श्यात दूध ओतत होती. त्याने सगळं सांगितलं. ती ढवळत राहिली.

“चार डॉलर,” ती म्हणाली. “छपराचं काम निघेल.”

“हं.”

“उचललं होतं का रे त्यानं?”

“नाही.”

“मग मला कशाला विचारतोस? मला विचारलंस तर मी छप्परच म्हणणार. मला विचारूच नकोस.”

चौकशीच्या लोकांना हार्लिसने घडलं ते सांगितलं, न अडखळता, जसंच्या तसं. ते लिहून घेत गेले. डीना म्हणाली, तिने डोळे मिटून घेतले होते. बाकीचे म्हणाले, कैद्याने पुन्हा हल्ला केला. निकाल लागला, बळाचा वापर योग्यच होता.

त्याच दिवशी पाळी संपल्यावर ते चौघे गाड्यांपाशी त्याची वाट बघत थांबले होते. त्याच्या ट्रकची चारही चाकं चिरलेली होती.

“बोल ना, प्रोफेसर,” टिल्डन म्हणाला. “आमच्याशी पण बोल जरा.”

टिल्डनने हार्लिसच्या छातीवर दांडक्याचं टोक रोवलं, तेव्हा त्याने हातातला जेवणाचा लोखंडी डबा सगळी ताकद लावून त्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला आणि तो ऐकून बरं वाटलं, हे तो पुढे स्वतःशीसुद्धा नाकारू शकला नाही. मग चौघांनी त्याला खडीवर लोळवलं. दोन बरगड्या मोडल्या, एका कानाचं ऐकणं गेलं. सहकाऱ्यावर हल्ला केला म्हणून नोकरी हार्लिसचीच गेली, आणि नोकरीबरोबर ते साठ सेंटही.

ऑक्टोबरच्या शेवटी तो कोयच्या आईकडे गेला. ओवेडा स्टिडम दरीच्या पार आत, ओढ्याकाठी, एकटी राहत असे. ती पडवीत शाल गुंडाळून उभी होती. सत्तरीची, काटकीसारखी बाई.

वाटेत त्याने सगळं मनात जुळवलं होतं. आधी काय सांगायचं, मग काय, कुठे थांबायचं. त्याने टोपी काढली.

“ओवेडाबाई, मी हार्लिस नेपियर. त्या दिवशी मी तिथं—”

“माहितीय मला, तू कोण ते.”

“मी त्याला शब्द दिला होता.”

“तेही ऐकलंय.” तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं. “तूही मार खाल्लास म्हणे.”

“हो.”

“माझं पोर त्यानं परत येतं का?”

“नाही, बाई.”

जुळवलेल्यातलं एकही वाक्य त्याच्या तोंडून फुटलं नाही. ओढ्याचं पाणी वाहत होतं. म्हातारीने पडवीच्या कडेला बोट दाखवलं. वादळात पडलेल्या ओकचे जाड ओंडके तिथे ढीग होऊन पडले होते, त्यांना टेकवून ठेवलेली कुऱ्हाड गंजायला लागली होती.

“थंडी आलीय,” ती म्हणाली. “माझ्याच्यानं होत नाही. फोडायची असली तर फोड. नसली तर जा.”

हार्लिसने टोपी खांबाच्या खिळ्याला अडकवली. पहिला ओंडका उभा केला आणि कुऱ्हाड उगारली. बरगड्यांतून कळ अशी निघाली की डोळ्यांपुढे काळोख आला. ओंडका फुटला नाही. त्याने कुऱ्हाड ओढून काढली आणि पुन्हा घाव घातला. तेव्हा फुटला.

ओवेडा पायऱ्या उतरून खाली आली, दोन्ही तुकडे उचलले आणि भिंतीशी रचून ठेवले. मग परत येऊन त्याच्यापासून चार हातांवर, पुढच्या घावाची वाट बघत उभी राहिली.