कामाच्या टेबलापाशी नेट का अडतं

जुनी सिस्टीम फारच कुरकुरायला लागली, म्हणून ताईने रविवारी येऊन धाकटीच्या लॅपटॉपवर नवी टाकून दिली. तेव्हापासून वायफायने मान टाकली. धाकटी घरबसल्या भाषांतरं करायची. एक फाइल उतरेपर्यंत चहा गार व्हायचा. नवऱ्याला मात्र भलतंच लागलं होतं. "मला न विचारता बदललंच का?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणून तो जेवताना घुम्यासारखा बसला होता.

तो कामावर गेल्यावर तिने ताईला फोन लावला. बिघडलेले संगणक दुरुस्त करणं हे ताईचं रोजचंच काम.

"वीज वाचवायची सेटिंग बंद केलीस?"

"केली गं. ढिम्म फरक नाही."

"लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात जा बघू."

तिथे नेट सुसाट. टेबलावर आणला की पुन्हा गोगलगाय.

ताई म्हणाली, "नवी सिस्टीम तुझं वायफाय कार्ड नीट ओळखत नाहीये. आधी ते मोकळ्या वाटेने जायचं, आता गर्दीच्या वाटेने जातंय. ते मी करीन नीट. पण तुझ्या टेबलापाशी गर्दी कसली? तिथलं काहीतरी सारखं नेटवर पाठवत बसलंय. एकेक प्लग काढ."

धाकटीने प्रिंटर काढला. स्पीकर काढला. मग दिवा. तो नवऱ्याने वाढदिवसाला आणला होता आणि स्वतःच कोन साधून ठेवला होता. त्याचा प्लग निघाला आणि अडून बसलेली फाइल सरसर उतरली.

"दिव्याला नेट कशाला लागतं?" विचारता विचारताच ती दिव्यावर वाकली. दिव्याच्या मानेवर मोहरीएवढं काळं भोक होतं. पुसताना तिला ते स्क्रूचं वाटायचं; आता आत बारीक काच चमकली.

इतक्यात नवऱ्याचा फोन आला, म्हणून तिने ताईचा ठेवला. कामाच्या वेळेत तो कधी फोन करत नसे.

"घरी लाइट गेलेत का?"

"नाही. का?"

"सहज." मग म्हणाला, "ताईला म्हणावं, दुसऱ्याच्या घरात फार हात घालू नये." त्याने फोन ठेवला.

तिने प्लग पुन्हा लावला. चेहरा तिने कोरा ठेवला. पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन तिने ताईला लिहिलं, "फोन करू नकोस. गाडी घेऊन ये." मग येऊन दिव्यासमोर बसली आणि टाइप करत राहिली. काय टाइप करतेय, तिचं तिलाच कळत नव्हतं.

ताईची गाडी खाली लागल्यावर ती लॅपटॉप आणि अंगावरचे कपडे एवढ्यावर निघाली. दिवा तसाच चालू होता, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून.

गाडी कोपऱ्यावर वळली नाही तोच तिचा फोन वाजायला लागला. ताईने तिच्या हातातून घेऊन तो बंद केला, आणि दोघींपैकी कोणीच मागे वळून पाहिलं नाही.