चौथा पाटा पालथा का होता

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. जुना म्हणजे किती, तर मला घडवलं तेव्हा आमच्या नदीकाठी समुद्रापलीकडच्या स्पेनच्या राजाचा अंमल होता, आणि त्यानंतर गावावरचं निशाण दोनदा बदललं. त्यातली दोनशे वर्षं मी एका स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या ओट्यात, तोंड खाली करून पडलो होतो. पालथा, आणि वरून मातीने लिंपलेला. तुम्ही म्हणाल, टाकून दिला असेल बिचाऱ्याला. तसं नाही. मला पालथा घातला तो जपण्यासाठी, आणि ती हकीकत सांगताना आजही मला धाकधूक वाटते.

आमच्या सान ब्लास गावाच्या पश्चिमेला ज्वालामुखीच्या काळ्या दगडांचं माळरान आहे. नदीखालच्या गावातला एक म्हातारा पाथरवट तिथून दगड निवडायचा. त्याने आम्हा चार भावांना एकाच खडकातून काढलं, टाकीने घडवलं आणि गाढवावर घालून विधवा रुफिनाच्या घरी आणलं. आमच्याकडे दळणाला चार पाटे रांगेने लागतात. पहिला सगळ्यात खरबरीत, चौथा सगळ्यात गुळगुळीत. चौथा मी. मिरची वाटायला तिघांपैकी कोणालाही घ्यायचे, मला कधी नाही, आणि याचा मला फार गर्व होता.

चार बायका चार पाट्यांपुढे गुडघे टेकून बसत. पहिली निळा मका भरडायची आणि भरड दुसरीकडे सरकवायची, दुसरी तिसरीकडे, आणि मका माझ्यापर्यंत आला की त्याचं पीठ व्हायचं. म्हणून त्या घरात 'माझं पीठ' असं कोणी म्हणत नसे. हे लक्षात ठेवा, पुढे यावर एक जीव वाचला आहे.

त्या काळी मैदानांवरच्या टोळ्या एकमेकांची मुलं पळवत आणि आमच्या बाजारात आणून विकत. गावातली निम्मी माणसं अशीच आलेली. रुफिनाने एक घोडी देऊन असंच एक मूल सोडवून आणलं. कागदावर लिहिलं गेलं: मुलगा, वय अंदाजे आठ, उजव्या हाताची दोन बोटं थंडीने झडलेली, नाव गास्पार.

रुफिना त्याला मेंढरांमागे धाडायची आणि मूल परत येऊन बायकांच्या रांगेत बसायचं. रागावून झालं, उपाशी ठेवून झालं. मूल एवढंच सांगे की त्याच्या लोकांत त्याच्यासारख्यांना वेगळं नाव असतं, मानही असतो, पण ते नाव काय होतं हे मात्र आठवत नाही. एवढ्या लहानपणी पळवून आणलेल्या लेकराला काय काय आठवणार? दुसऱ्या वसंतात रुफिनाने हात टेकले.

"मेंढरं राखायला गावात पोरं बक्कळ आहेत," ती आपल्या दोन सुनांना म्हणाली. "दळणारी मिळत नाही." आणि तिने आपला जुना घागरा कापून लहान केला.

तेव्हापासून ती पालोमा. गावाने दोन दिवस कुजबुज केली, तिसऱ्या दिवशी तिच्या हातचं पीठ मागायला आले. दोन बोटं कमी, पण हात असा की वरवंटा माझ्यावरून पाण्यासारखा वाहायचा. मला आयुष्यात कौतुक मिळालं ते तिच्यामुळे.

ती विशीत आली तेव्हा कोणीतरी चहाडी केली. कोणी, ते मला आजही ठाऊक नाही. एका सकाळी मुलखाचा अंमलदार मेलितोन दोन शिपाई आणि एक कारकून घेऊन दारात उभा राहिला. अशा गुन्ह्याला शिक्षा ठरलेली होती. डोकं भादरायचं, चौकात फटके मारायचे आणि दक्षिणेच्या खाणीत पाठवायचं. त्या खाणीतून आमच्या गावचं कोणी परत आलेलं नव्हतं.

"या घरात गास्पार नावाचा पुरुष बाईच्या वेषात राहतो अशी खबर आहे," तो म्हणाला.

"घरात आम्ही चौघीच आहोत, सरकार," रुफिना म्हणाली. "बसा. पेज घ्या गरम."

"पेज राहू दे. चौघींना उभं कर माझ्यासमोर."

"दळण अर्ध्यावर आहे. आत्ता उठलो तर भिजवलेला मका वाया जाईल."

मेलितोनकडे नुसतं नाव होतं, मुलाचा कागद राजधानीच्या दप्तरात होता. बायकांच्या अंगाला हात लावून तपासणी करायची तर गाव पेटेल, एवढी अक्कल त्याला होती. मग त्याचा चेहरा उजळला. हुशार माणसाला युक्ती सुचली की तो आधी कारकुनाकडे बघतो, तसं त्याने बघितलं.

"मग दळाच. पुरुषाला दळता येत नाही. जिचं पीठ जाडंभरडं निघेल, तोच गास्पार. प्रत्येकीचं पीठ मला वेगळं दाखवा."

सुना एकमेकींकडे बघू लागल्या. पहिल्या पाट्यावर तर भरडच निघणार, मग बसणारी कोणीही असो. आणि पहिल्या पाट्यावर खुद्द रुफिना होती.

"पीठ शेवटच्या पाट्यावरच उतरतं, सरकार," ती सावकाश म्हणाली. "आपल्याला ठाऊक असेलच."

कारकून ऐकत होता. "ठाऊक आहे तर," मेलितोन म्हणाला. "मी शेवटचंच बघणार होतो."

शेवटचा म्हणजे मी, आणि माझ्यापुढे पालोमा. तिने बाही ओढून उजवा हात झाकला होता. वरवंटा दोनदा निसटला. माझ्यावर पहिली ओंजळ आली आणि तिच्या हातून ती दाणेदारच राहिली. मित्रांनो, दगडाला घाम फुटत नाही, पण त्या दिवशी मला तेवढंच बाकी होतं. अंमलदाराचे बूट थेट तिच्या पाठीमागे येऊन थांबले.

तेव्हा रुफिना गाऊ लागली. आमच्याकडे दळताना दारात उभं राहून पुरुषाने गाणं म्हणायची रीत आहे, म्हणजे चारी वरवंटे एका ठेक्यात चालतात. नवरा गेलेला, मुलगे बाराही महिने व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर बाहेर, त्यामुळे तिच्या दारात गाणारं कोणी नव्हतं. तिचा आवाज चिरका होता आणि सूरही कुठच्या कुठे, पण ठेका पक्का. एक सून मिळाली, दुसरी मिळाली. पालोमाच्या हाताला तो ठेका सापडला आणि वरवंटा पूर्वीसारखा वाहू लागला.

मेलितोनने टोपलीतलं पीठ चिमटीत घेतलं, बोटांवर चोळलं, जिभेला लावलं. "ही कोण?"

"माझी पालोमा. हिच्यासारखं पीठ या खोऱ्यात नाही."

"लिहा," तो कारकुनाला म्हणाला, "हा हात बाईचाच आहे." मग तो रुफिनाकडे वळला आणि गळ्यातला क्रूस काढून तिच्यापुढे धरला. "पण गास्पार नावाचं मूल तू आणलंस त्याचा कागद आहे. तो कुठे गेला? शपथेवर सांग."

रुफिना देवाला घाबरणारी बाई होती. खोटी शपथ म्हणजे काय हे तिला पुरतं माहीत होतं. तिने पिठाचा हात घागऱ्याला पुसला आणि क्रूसावर ठेवला.

"पळाला, सरकार. मैदानांकडे. तीन हिवाळे झाले."

कारकुनाने तेही लिहिलं आणि ते निघून गेले.

पालोमा वाचली, पण रुफिनाचं काय झालं ते ऐका. पाप धुवायचं तर पाद्रीपुढे कबुली द्यायला हवी, आणि पाद्री दर रविवारी मेलितोनच्या पंगतीला. तिने जोखीम घेतली नाही. अकरा वर्षं ती देवळात शेवटच्या रांगेत बसली, कबुलीवाचून प्रसाद घेता येत नाही, म्हणून त्याची वेळ आली की मान खाली घालायची. शेवटच्या दुखण्यात पाद्री आला तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पालोमा तिचे पाय धरून म्हणत होती, "सांगून टाक, आई. मी जाईन खाणीत." रुफिना तशीच गेली. माझ्या काळजाला, म्हणजे जे काही माझ्यात आहे त्याला, लागलेला तो घाव अजून भरलेला नाही.

पालोमा आणखी वीस वर्षं माझ्यावर दळत राहिली. उजव्या हातात जोर कमी, म्हणून ती सगळा भार डाव्यावर द्यायची. माझी डावी बाजू झिजत झिजत उजवीपेक्षा दोन बोटं खोल गेली. तिचा मृत्यू झाला तेव्हा बायकांच्या ध्यानात आलं की हा खळगा म्हणजे तिची सही आहे. ज्याने तो घोडीचा कागद वाचला असेल, त्याला मला बघताच सगळं कळेल, आणि रुफिनाची शपथ उघडी पडेल. म्हणून त्यांनी मला पालथा करून ओट्यात बसवलं. दर वसंतात घराला लिंपण करताना माझ्यावर एक हात जास्त द्यायचा, हे आईने मुलीला सांगायचं असं ठरलं. एकही वसंत चुकला नाही.

आता अलीकडची गोष्ट. ते घर तिया बेर्साबेच्या ताब्यात आलं. तिया म्हणजे आमच्याकडची मावशी. ही तर साऱ्या गावाचीच मावशी, वय ब्याऐंशी, जीभ तिखट. लिंपणाला तिच्या मदतीला शहरातून तिची भाची एलोइसा आली. सरहद्दीवरच्या जुन्या काळात कोण बाई मानली जाई, कोण पुरुष, कोणी कोणाबरोबर संसार थाटला, याचा ती विद्यापीठात अभ्यास करत होती. सहा वर्षं तिने राजधानीच्या दप्तरखान्यात कागद चाळले होते.

"आपल्या गावचा एक सापडला, तिया," भिंतीला माती लावता लावता ती म्हणाली. "गास्पार. बाई म्हणून राहायचा. पकडायला आले तर त्याआधीच पळाला, आपल्या लोकांत परत गेला. मला तर वाचून रडूच आलं. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या एका ओळीवर उभं आहे. पुढच्या महिन्यात परीक्षकांपुढे ठेवायचंय."

"पळाला म्हणून कोणी सांगितलं?"

"कागद आहे ना. शपथेवर दिलेली साक्ष."

"शपथेवर," तिया म्हणाली आणि पाटीतली माती कालवू लागली.

थोड्या वेळाने एलोइसाच्या हाताखाली ओट्याचा एक पोपडा निघाला आणि माझी काळी कड उघडी पडली.

"तिथे जाड हात दे. बुजव," तिया म्हणाली.

"तिया, हा पाटा आहे."

"पाटा असो की पाद्री असो, बुजव म्हटलं ना."

पण एलोइसाची बोटं माझ्या पोटाखाली शिरली होती. दोनशे वर्षांनी मला माणसाचा हात लागला. ती चाचपत होती, उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे.

"घोडी देऊन सोडवलेलं मूल," ती स्वतःशीच म्हणाली. "उजव्या हाताची दोन बोटं." मग मोठ्याने, "तिया, एवढा खळगा पडायला किती वर्षं लागतात?"

"लगेच पडत नाही."

"म्हणजे ती गेलीच नाही. ती इथेच होती."

तियाने मातीची पाटी खाली ठेवली आणि मग आईकडून ऐकलेलं सगळं सांगितलं, गाण्यासकट. शेवटी म्हणाली, "आता तू लिहिणार."

"न लिहून कसं चालेल? खोटं माझ्या नावाने छापलं जाईल."

"आणि लिहिलंस तर रुफिनाची शपथ खोटी ठरेल. इतक्या बायकांनी तोंड शिवून ठेवलं ते तुझ्या परीक्षेसाठी? लोक येतील, दगड मोजतील, काचेत ठेवतील, खाली चिठ्ठी लावतील गास्पार म्हणून. तू तिची पोर आहेस की त्या मेलितोनची कारकून?"

एलोइसाचा चेहरा पडला. मग तिने ओली माती उचलली आणि माझ्या कडेवर थापली. "नाही लिहीत," ती म्हणाली. "ते प्रकरणच फाडते. सहा वर्षं गेली तर गेली." दुसरा गोळा, तिसरा गोळा. पुन्हा अंधार होऊ लागला. खरं सांगतो, मला भीती वाटली. या वेळी बुजलो तर कायमचा, आणि जगात उरणार तो फक्त मेलितोनचा कागद.

तिया तिच्या हाताकडे बघत होती. "दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आपण रुफिनासाठी वेगळी मेणबत्ती का लावतो, माहीत आहे?"

"कबुली न देता गेली म्हणून."

"हो. अजून अडकली असेल स्वर्गाच्या दाराबाहेर कुठेतरी."

एलोइसाचा हात थांबला. "तिया, कोणी दुसऱ्याने दिली तर चालते का कबुली?"

"पाद्रीला विचारायला हवं," तिया म्हणाली, आणि मग, "नको. पाद्रीला विचारायचं नव्हतं म्हणूनच तर हे सगळं झालं." तिने डोळे पुसले, गालाला माती लागली. "काढ तो बाहेर."

दोघींनी मिळून मला उपसलं, धुतलं, उताणा केला. तियाने भरडलेला मका माझ्यावर टाकला. एलोइसा गुडघ्यांवर बसली आणि तिने घाम गाळून गाळून दळलं. तियाने पीठ चिमटीत घेऊन चोळलं.

"त्या दिवशी तू रांगेत असतीस," ती म्हणाली, "तर तुलाच धरून नेलं असतं."

मग एलोइसा वही घेऊन बसली आणि तिया सांगू लागली. "लिही. मी रुफिना, सान ब्लासची विधवा. क्रूसावर हात ठेवून मी खोटं बोलले. माझी पालोमा कुठेही गेली नव्हती. ती माझ्या रांगेत बसून दळत होती. पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा खोटं बोलले असते." एलोइसाने शब्द न् शब्द तसाच लिहिला, आणि तिच्या प्रकरणाची सुरुवात आता तिथून होते. परीक्षकांनी बरेच प्रश्न विचारले म्हणे. दगड बघायचा तर गावात या आणि आधी दळून दाखवा, असं तिने त्यांना सांगितलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात झिजलेल्या वस्तू असतील. फेकण्याआधी त्यांच्यावरून एकदा हात फिरवा, त्या कोणाच्या हाताने झिजल्या ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा. आणि जुना कागद कोणाला पळपुटं म्हणत असेल, तर तो कोणाच्या भीतीने लिहिला गेला हेही विचारा. एवढंच माझं मागणं आहे.

या नोव्हेंबरात एलोइसाने नेहमीप्रमाणे घरातल्या गेलेल्यांच्या मेणबत्त्या मांडल्या. रुफिनाची वेगळी मेणबत्ती तिने हातात घेतली तेव्हा तियाने मान हलवली.

"ती ठेवून दे," ती म्हणाली. "आता तिला नको." आणि तिने मका भिजत घातला.