आगमनकाळातली कवळी

"हे नको," काका म्हणाले, आणि तोंडातले मेणात रोवलेले दात हलू नयेत म्हणून तेवढ्यावरच थांबले.

कवळीवाल्यानं त्यांच्यासमोर धरलेलं पवित्र शास्त्र तसंच हातात राहिलं. पान उघडं होतं ते येशूच्या जन्माचं. नाताळच्या सकाळच्या उपासनेत काका दरवर्षी तोच उतारा वाचत. तेव्हा नव्या कवळीची चाचणी त्याच उताऱ्यावर घ्यावी, इतका साधा तांत्रिक विचार या कवळीवाल्या पुतण्यानं केला होता.

"दोन ओळी वाचा फक्त. दात कुठे अडखळतात ते मला कळेल."

"आगमनकाळ आत्ता कुठे लागलाय. जन्म अजून व्हायचाय."

"काका, तो होऊन दोन हजार वर्षं झाली."

"तुझ्या हिशेबानं," काका म्हणाले, आणि स्वतःच पानं उलटून त्यांनी नाताळाआधीच्या या वाट पाहण्याच्या चार आठवड्यांना शोभेलसा उतारा काढला. नदीकाठी उभा राहून बाप्तिस्मा देणारा योहान आलेल्या गर्दीला सापाची पिल्लं म्हणतो, तो. काकांनी तो योहानाच्याच आवाजात वाचला. बाहेर बाकावर बसलेला एक रुग्ण, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, उठून निघून गेला. दात मात्र जागचे हलले नाहीत.

कवळीवाला पन्नाशीचा होता. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्याचं काम चाले. तिथे एका फळीवर गावातल्या बऱ्याच प्रतिष्ठित माणसांचे जबडे प्लॅस्टरमध्ये उघडे पडलेले असत. या धंद्यानं त्याला एक खोड लावली होती. माणूस काय बोलतो याकडे त्याचं लक्ष नसे. 'स' कुठे शिट्टी मारतो, 'फ'ला ओठ दातांना टेकतो की नाही, हेच तो ऐके. पाळकांच्या प्रवचनात त्याला गेली कित्येक वर्षं फक्त वरचा डावा सुळा ऐकू येत होता. नाताळ हा तारणाऱ्याच्या जन्माचा सण आहे हे त्याला मान्य होतं, पण धंद्यापुरता तो चावण्याचा आणि फोटोत हसण्याचा सण होता. सगळ्यांना कवळी सणाच्या आत हवी असे.

त्यातून यंदा काका. काकांनी उभी हयात कापडाच्या दुकानात काउंटरमागे काढली होती. सगळी ठाणं उलगडायची, गिऱ्हाइकानं नाक मुरडलं की पुन्हा गुंडाळायची, आणि तोंडातून 'हो बाई' आणि 'बघा की' याखेरीज काही काढायचं नाही. घरी काकू होती तोवर तिथेही फारसं वेगळं नव्हतं. वर्षातून एकदाच भरलेलं चर्च गप्प बसून काकांचं ऐके. तेवढ्यासाठी ते बाकीचं वर्ष गप्प बसत असावेत, असं पुतण्याला वाटे.

पण हिरड्या झिजल्या, जुनी कवळी सैल झाली, आणि गेल्या नाताळात काकांचं वाचन मागच्या बाकांपर्यंत पोचलं नाही. याची सर्वांत जास्त काळजी चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरींना लागली. पाळकांनी यंदा 'ख्रिस्त हाच केंद्रबिंदू' अशी आगमनकाळभर चालणारी प्रवचनमाला धरली होती, आणि केंद्रबिंदू मागून नीट दिसावा म्हणून मोठा पडदा, प्रोजेक्टर आणि भिंतीएवढे स्पीकर आणले होते. जन्माच्या उताऱ्याचं एका भारदस्त आवाजातलं रेकॉर्डिंगही सेक्रेटरींकडे तयार होतं, मागे मेंढरांच्या चित्रांसकट. काकांना जमलं नाही तर ते लावायचं ठरलं होतं. हे सेक्रेटरींनी कवळीवाल्याला इतक्या हळुवारपणे सांगितलं की कायमचंच ठरल्याचं त्याच्या लक्षात आलं.

म्हणून तो त्या कवळीच्या मागे लागला. संध्याकाळी घरी हिरव्या पानांच्या चक्रातली आगमनाची मेणबत्ती पेटे, बायको उतारा वाचे, आणि हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काकांच्या खालच्या दाढा चिमटीत धरून बसलेला असे.

"अहो, प्रार्थना चाललीय," बायको म्हणाली.

"ऐकतोय ना."

"काय वाचलं मी?"

तिच्या 'श'मागे हवा जाते एवढं त्याला सांगता आलं असतं. ते त्यानं सांगितलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

मनात त्याच्या काय होतं हेही सांगून टाकायला हवं. काकांचा आवाज खणखणीत घुमतोय, मागच्या बाकावरचे म्हातारे माना वर करतायत, आणि उपासनेनंतर अंगणात सगळे त्याच्याभोवती जमून 'हे दात कुणाचे' म्हणून विचारतायत, असं चित्र तो रोज रंगवत होता. त्या चित्रात बाळ येशू कुठे होता हे विचारायला पाळक नव्हते, हे बरंच झालं.

पक्की कवळी बसवल्यावर त्यानं काकांना पुनःपुन्हा बोलावलं. कुठे टोचतंय का, असं विचारलं. काका नाही म्हणाले. खालची घासते का? नाही. वरची? झकास आहे म्हणाले. गिऱ्हाइकापुढे तक्रार करायची नाही हे काउंटरमागचं वळण, आणि इथे गिऱ्हाईक आपण आहोत हे काकांना अजून उमगलेलं नव्हतं. पुतण्याला हे कळायला हवं होतं. पण झकास म्हटल्यावर कोण पुढे विचारतो?

सेक्रेटरींसमोर तालीम झाली, तिथेही काकांनी जन्माचा उतारा उघडायला नकार दिला आणि योहानच ऐकवला. सापाची पिल्लं म्हणताना त्यांचा रोख सेक्रेटरींकडे होता, असं काहींचं मत पडलं. सेक्रेटरी घाईघाईनं म्हणाले की काकाच वाचतील, रेकॉर्डिंग आपलं असू द्यावं बाजूला.

नाताळच्या सकाळी चर्च खच्चून भरलं होतं. काका धुतलेला कोट घालून पुढे गेले. कवळीवाला पहिल्या बाकावर, कानात प्राण आणून. काकांनी पान उघडलं आणि वाचायला लागले. योहान त्यांनी गर्जून वाचला होता. हा उतारा ते घरात बाळ झोपलेलं असावं तसा, ओठ जेमतेम उघडून वाचत. पुतण्यानं कवळी बसवली होती ती गर्जनेवर. पहिल्याच वाक्यात खालची उचलली गेली. रोमी बादशहा कैसराचं नाव शिट्टीसकट आलं. पुढच्या वाक्याला दातांवर दात आपटले आणि नव्या स्पीकरनी तो आवाज इमानानं मागच्या भिंतीपर्यंत पोचवला. कुणीतरी फिसकन हसलं. सेक्रेटरींनी प्रोजेक्टरजवळच्या माणसाकडे पाहिलं.

काका थांबले. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात रक्ताचा बारीक ठिपका दिसत होता, म्हणजे आठवडाभर तरी टोचत असणार. पडदा निळा झाला. एक मेंढरू उमटलं.

"बंद करा ते," काका म्हणाले. दुकानात त्यांनी हे वाक्य कुणालाच म्हटलं नसणार. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, सगळ्या मंडळीसमोर आधी खालचे, मग वरचे दात काढून त्यात ठेवले, चार पावलं चालत आले आणि ते गाठोडं पुतण्याच्या हातात दिलं. परत गेले आणि पहिल्यापासून वाचायला लागले.

आता शब्दांना कडा नव्हत्या. 'स' नव्हता, 'फ' नव्हता, तपासण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. लोकांना पुढे झुकून ऐकावं लागत होतं, आणि ते झुकले. बाई अवघडलेली आहे. तिला कुठे जागा नाही. जनावरांच्या चाऱ्याच्या जागी तिनं मूल ठेवलं. कवळीवाल्यानं हे दरवर्षी ऐकलं होतं, आणि बाईला जागा मिळाली नाही ही बातमी त्याला आज पहिल्यांदा कळली. त्या मुलाच्या तोंडातही दात नव्हते, असं काहीसं त्याच्या मनात आलं, आणि त्याला खाली बघावं लागलं.

पुढच्या नाताळात रेकॉर्डिंग लागलं. ते अगदी स्वच्छ आहे, सगळे म्हणतात.

त्या दिवशी वाचन संपलं तेव्हा अंगणात काय बोलायचं याचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता. काका येऊन शेजारी बसले, गाल आत गेलेले. सगळे गाण्यासाठी उठले. पुतण्याही उठला. गाताना पुस्तक धरायला त्याचा एक हात मोकळा नव्हता. रुमालातली कवळी अजून कोमट होती.